न गंजणारे पोलादही तडकते

स्टेनलेस स्टील गंजत नाही, असे आपण वर्गात सांगतो. हे अर्धेच खरे आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बिअरचे कारखाने आहेत. अशा उद्योगात १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या पोलादाच्या टाक्या सर्रास वापरतात. गरम पाण्याची अशी टाकी वरून चकचकीत असतानाच जोडापाशी तडकू शकते. यालाच ताण-क्षरण म्हणतात.

त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : ताण, क्लोराइड आणि साधारणपणे ६० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान. वेल्डिंगनंतर थंड होताना धातू आकसू पाहतो, पण जखडलेला असल्याने त्यात ताण उरतो. पाण्याची वाफ होत गेली की मागे क्लोराइड साठते. क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर फुटला, की झाडाच्या फांद्यांसारख्या भेगा आत शिरतात.

यात निकेलचे प्रमाण निर्णायक ठरते. १९५९ मध्ये कॉप्सन यांनी उकळत्या मॅग्नेशियम क्लोराइडमधील ताणलेल्या तारांचे निष्कर्ष मांडले. सुमारे ८ टक्के निकेलच्या तारा सर्वांत लवकर तुटल्या. ४५ टक्क्यांच्या आसपास त्या टिकल्या. निकेल जवळजवळ नसलेले पोलादही टिकते, पण त्याचे वेल्डिंग अवघड. म्हणून २२ टक्के क्रोमियम व ५ टक्के निकेलचे ‘ड्युप्लेक्स’ पोलाद हा मधला मार्ग.

घरातल्या भांड्यांना चुंबक लावून पाहू या. तो घट्ट चिकटला, तर त्यात निकेल बहुधा नाममात्रच!