वाक्प्रचारांचे मूळ

छत्तीसगडमधील भिलाई येथे 'पावर हाउस' नावाची वस्ती आहे. मुंबई-नागपूर-हावडा या लोहमार्गावर त्याच नावाचे रेल्वे स्थानकही आहे. या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ 'वीजनिर्मितीचे ठिकाण' असा होतो. परंतु इंग्रजीत एखाद्या व्यक्तीला 'पावर हाउस' म्हटले, तर ती व्यक्ती अतिशय उत्साही व कर्तबगार आहे, असा अर्थ घेतला जातो. शब्दांचा मूळ अर्थ मागे पडून त्यांना असा निराळा अर्थ रूढ होतो, तेव्हा त्यास लाक्षणिक अर्थ म्हणतात. वाक्प्रचारांचा प्राण या लाक्षणिक अर्थातच असतो.

म्हणूनच परभाषेतील वाक्प्रचाराचा शब्दशः अनुवाद केला, तर अर्थाचा अनर्थ होतो. अर्थांची नुसती यादी पाठ केली, तर ती लवकरच विसरते. परंतु वाक्प्रचार कोणत्या कामातून जन्माला आला, हे समजले म्हणजे अर्थ सहज लक्षात राहतो. काम करून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला येथे मोठी सोय असते. कारण पुष्कळ वाक्प्रचार ग्रंथांतून आलेले नसून भट्टी, रूळ व कचेरी यांतून आलेले आहेत.

भट्टीतून आलेले वाक्प्रचार

भिलाई हे पोलादाचे नगर आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. तापलेले लोखंड निवण्यापूर्वीच त्याला आकार द्यावा लागतो, हे तेथील कामगारास सांगावे लागत नाही. 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट' या इंग्रजी म्हणीचा उगम याच अनुभवात आहे. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याच्या लेखनातही ही कल्पना आढळते. योग्य वेळ आहे तोवरच काम करावे, हा तिचा अर्थ होय.

मराठीत 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे' असा वाक्प्रचार आहे. दोन्हींत उष्णता आहे, म्हणून ते समानार्थी वाटतात. परंतु तसे नाही. इंग्रजी म्हणीत तत्परतेचा उपदेश आहे, तर मराठी वाक्प्रचारात स्वार्थ साधणाऱ्यावर ठपका आहे. वेळेवर अर्ज करून नोकरी मिळवणाऱ्या तरुणाने 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतली' असे लिहिले, तर त्याच्यावर अन्याय होईल. तेथे 'संधी साधली' हेच योग्य ठरेल.

एकाच वेळी अनेक लोखंडी तुकडे भट्टीत ठेवणाऱ्या लोहाराचे सर्वांकडे लक्ष राहत नाही. यावरून 'टू मेनी आयर्न्स इन द फायर' हा प्रयोग आला. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही मराठी म्हण त्याच्या जवळची आहे. एकीत लोखंड आहे, दुसरीत कापड. तरीही आशय मिळताजुळता आहे. याचा अर्थ असा की, साम्य शब्दांत न शोधता आशयात शोधावे.

इंग्रजीतील 'मेटल' या धातुवाचक शब्दाचेच वेगळे स्पेलिंग पुढे 'धैर्य, धमक' या अर्थाने रूढ झाले. मराठीतही तापवलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करण्यास 'पाणी देणे' म्हणतात. आणि तेजस्वी माणसास 'पाणीदार' म्हणतात. दोन दूरच्या समाजांनी माणसाची पारख धातूवरून केली, हे येथे दिसते.

रूळ आणि कचेरी

वाफेच्या यंत्रात दाब वाढला की थोडी वाफ बाहेर सोडतात. त्यावरून मनात साठलेला राग बोलून मोकळा करण्यास इंग्रजीत 'लेट ऑफ स्टीम' म्हणतात. परंतु मराठीतील 'तोंडाची वाफ दवडणे' म्हणजे व्यर्थ बोलणे. येथेही शब्दसाम्य फसवे आहे.

काही वाक्प्रचार मात्र अनुवाद होऊन मराठीत स्थिरावले. मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढे रेल्वेच्या सोबत 'हिरवा कंदील दाखवणे', म्हणजे अनुमती देणे, हा प्रयोग रुळला. शिवकालीन पत्रांत तो सापडणार नाही. कारण त्या काळी आगगाडीच नव्हती. सरकारी कागद लाल फितीने बांधण्याच्या प्रथेवरून आलेल्या 'रेड टेप' या प्रयोगाचे मराठीत 'लालफीत' झाले. कामातील विलंबाला आजही हा शब्द वापरतात.

मूळ शोधताना सावधगिरी

प्रत्येक रंजक कथा खरी नसते. अनुभवावर आधारलेल्या ठोकताळ्यास इंग्रजीत 'रूल ऑफ थम्ब' म्हणतात. पत्नीला अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने मारण्याची मुभा देणाऱ्या इंग्रजी कायद्यातून तो आला, असे सांगतात. परंतु असा कायदा आढळत नाही. मराठीतील 'ध चा मा करणे' या वाक्प्रचारामागे १७७३ मध्ये झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या वधाची कथा आहे. वध ही ऐतिहासिक घटना आहे. मात्र आनंदीबाईंनी पत्रात 'धरावे'चे 'मारावे' केले, ही आख्यायिका होय. घटना आणि आख्यायिका यांतील हा भेद ओळखणे हाही भाषाभ्यासाचा भाग आहे.

नवा वाक्प्रचार भेटल्यास तीन प्रश्न विचारावेत : तो कोणत्या कामातून आला? त्यात स्तुती आहे की दोष? मराठीत तोच आशय कोणत्या शब्दांनी व्यक्त होतो? या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थ्याच्या हातचे कामच त्याला वाट दाखवते.

स्वाध्याय

१. 'लेट ऑफ स्टीम' आणि 'तोंडाची वाफ दवडणे' यांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या व्यवसायाशी संबंधित तीन वाक्प्रचार लिहून त्यांचा मूळ व लाक्षणिक अर्थ सांगा.