ॲव्हरेज कुणाचं? गाडीचं की कंपनीचं?

लोहारा तालुक्यातलं माकणी हे गाव तेरणा नदीवरच्या धरणामुळे ओळखलं जातं. धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या टपरीत गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी छातीठोकपणे सांगणारच, "मोठं इंजिन बंद होणार हाय म्हणं. स्कॉर्पिओ घ्यायची तर आत्ताच घ्या." दुसरा भर घालतो की दोन लिटरच्या वरचं इंजिन सरकारनं बेकायदा केलंय. तिसऱ्याच्या मते डिझेलचं तर संपलंच. तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं खरं आहे. घोटाळा इतकाच, की ते वेगवेगळ्या कायद्यांतून उचललेलं आहे.

ज्या नियमामुळे ही धास्ती पसरली, त्याला 'कॅफे' म्हणतात. नावाचं पूर्ण रूप कॉर्पोरेट ॲव्हरेज फ्युएल इकॉनॉमी. गोंधळाचं मूळ त्यातल्या 'ॲव्हरेज' या शब्दातच आहे. आपल्याकडे ॲव्हरेज म्हणजे गाडी लिटरला किती किलोमीटर धावते ते. कायद्यातलं ॲव्हरेज मात्र एका गाडीचं नाही. कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारींची ती सरासरी आहे. ऊस पट्ट्यात हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. उसाचा दर एकेका शेतकऱ्याच्या मोळीवर ठरत नाही, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. कॅफेचंही तसंच. कमी उताऱ्याचा ऊस गाळायला मनाई नाही, फक्त त्याची भरपाई दुसऱ्या उसानं व्हावी लागते.

या नियमात इंजिनाच्या सीसीवर मर्यादा नाही, हॉर्सपॉवरवरही नाही. गाडी दर किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, तेवढंच मोजलं जातं. 2017-18 पासून हे लक्ष्य 130 ग्रॅम होतं. 2022-23 पासून ते 113 ग्रॅमवर आलं, म्हणजे पेट्रोलच्या हिशेबात लिटरला साधारण 21 किलोमीटर. मग जेमतेम बारा-चौदाचं ॲव्हरेज देणाऱ्या दांडग्या गाड्या कशा विकल्या जातात?

एक कारण वजनाचं. 113 हा आकडा सरासरी 1145 किलोच्या गाड्यांसाठी आहे. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन वाढलं की लक्ष्य आपोआप ढिलं होतं. सरासरी 1700 किलो असेल, तर सूत्रानुसार मुभा साधारण 139 ग्रॅमपर्यंत जाते. जड गाडीला सवलत आणि हलक्या गाडीला कडक पट्टी हा न्याय अजब वाटतो, आणि त्यावर मोटार कंपन्यांत जुंपलेलीही आहे.

दुसरं कारण विजेच्या गाड्या. हिशेबात विजेची एक गाडी तीन गाड्या म्हणून धरली जाते, तीही शून्य ग्रॅमची. समजा, एखाद्या कंपनीनं 160 ग्रॅमच्या नऊ एसयूव्ही आणि विजेची एक गाडी विकली. साधी सरासरी निघेल 144. पण भागाकार दहाऐवजी बारानं होतो आणि उत्तर येतं 120. पुण्याजवळच्या चाकणमध्ये महिंद्राच्या एकाच आवारात स्कॉर्पिओ-एन बनते आणि विजेवरची बीई 6 देखील. टपरीवर या दोघी एकमेकींच्या सवती ठरतात. कंपनीच्या वहीत मात्र धाकटी थोरलीचं कर्ज फेडत असते.

लक्ष्य चुकलं तर भुर्दंड कंपनीवर, गिऱ्हाइकावर नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनुसार, शंभर किलोमीटरमागे 0.2 लिटरपर्यंतच्या चुकीला प्रत्येक विकलेल्या गाडीमागे 25 हजार रुपये आणि त्यापुढे 50 हजार. वर आणखी 10 लाखांपर्यंत दंड. दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीशी या नियमाचा संबंध नाही.

आता त्या 'दोन लिटर'विषयी. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्यावरील डिझेल मोटारींच्या नोंदणीवर बंदी घातली होती. महिंद्रानं पुढच्याच महिन्यात 1.99 लिटरचं इंजिन आणून वाट काढली. सीसीची रेघ मारली की कंपनी रेघेच्या अलीकडे येऊन उभी राहते, हे तेव्हाच दिसलं. ऑगस्ट 2016 मध्ये एक टक्का हरित अधिभार लावून बंदी उठली. विषय दिल्लीच्या हवेचा होता, इंधन बचतीचा नव्हता.

डिझेलची गंमत तर उलटीच आहे. तेवढ्याच कामाला डिझेल कमी जळतं, म्हणून किलोमीटरमागचा कार्बन डायऑक्साइडही पेट्रोलपेक्षा सहसा कमी भरतो. म्हणजे कॅफेच्या वहीत डिझेल कंपनीच्या मदतीलाच येतं. त्याला फटका दिला बीएस 6 या प्रदूषणाच्या नियमानं, जो 1 एप्रिल 2020 पासून लागू झाला आणि नायट्रोजन ऑक्साइड व काजळी मोजतो. ती गाळायची यंत्रणा महाग. छोट्या गाडीला तो खर्च झेपेना, आणि मारुतीनं तेव्हा डिझेल सोडूनच दिलं.

"सीसी कमी म्हणजे दम कमी" हा समज मात्र सगळ्यात चिवट. त्याला उत्तर माकणीच्याच रस्त्यावर धावतंय. जुन्या बोलेरोचं इंजिन 2523 सीसीचं होतं आणि ताकद 63 हॉर्सपॉवर. 2016 मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली, 1493 सीसीची. ताकद 70 च्या घरात, ओढ 195 न्यूटन मीटर, म्हणजे पहिल्याइतकीच. इंजिन एक लिटरनं घटलं आणि दम वाढला! अर्थात हा बदल करापोटी झाला. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत असेल, तर लहान गाडीचा कर लागतो. आज जीएसटीत तो 18 टक्के आहे, मोठ्या गाडीला 40. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह 50 टक्के पडत होते. म्हणजे मोठं इंजिन 'बंद होणार' अशी हाकाटी चालू असताना त्याच्यावरचा कर चक्क उतरला.

लहान इंजिनात जास्त दम, हे चित्र अमेरिकेतही आहे. तिथे कॅफेचा कायदा 1973 च्या तेलटंचाईनंतर, 1975 साली आला. रॅम 1500 या पिकअपमधून 395 हॉर्सपॉवरचं आठ सिलिंडरचं हेमी इंजिन 2025 च्या मॉडेलमध्ये काढलं. त्याजागी आलेलं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन 420 पासून 540 हॉर्सपॉवर देतं. तरी गिऱ्हाइकं हेमीच मागत राहिली आणि 2026 च्या मॉडेलला ते परतलं. त्यांना हवी होती ती आठ सिलिंडरची घरघर. तिचं मोजमाप कुठल्याच नियमात नाही.

भारतात पुढचा टप्पा एप्रिल 2027 पासूनचा. सप्टेंबर 2025 च्या मसुद्यात लक्ष्य आणखी आवळलंय आणि 909 किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना थोडी सूट सुचवली आहे. मोठ्या गाड्या बनवणाऱ्यांना ती खुपली, हे ओघानंच आलं.

आणि ट्रॅक्टर? कॅफे फक्त नऊ आसनांपर्यंतच्या आणि 3500 किलोपर्यंतच्या प्रवासी मोटारींना लागू आहे. बाजारला माल नेणारी पिकअप आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर या वहीत धरलेलेच नाहीत.