मानाचा पोशाख

वाचकहो, एखाद्या विवाहसमारंभाच्या निमित्ताने मोठ्या हॉटेलात जाण्याचा योग आपणांस आला असेल. प्रवेशद्वाराशी तुरेदार फेट्याचा दरवान अदबीने दार उघडतो. आत स्वागतकक्षात रेशमी साडी नेसलेली तरुणी हात जोडून नमस्कार करते. आपली दृष्टी त्या वस्त्रांच्या झगमगाटावर खिळते. ती वस्त्रे आठ-आठ तास अंगावर वागवणाऱ्या माणसाकडे मात्र ती क्वचितच वळते. असा उंची गणवेश कसा सिद्ध होतो हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यात केवळ शोभेचा नव्हे, तर श्रमणाऱ्याच्या प्रतिष्ठेचाही प्रश्न गुंतलेला आहे.

आपल्या देशातील या पेहरावात राजवाड्यांतील चोपदार-हुजऱ्यांच्या थाटाची छाया दिसते. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या घरी व क्लबांत वाढप्याच्या डोक्यावर पागोटे आणि कमरेला रुंद पट्टा आला. पागोटे हे आपल्याकडे मानाचे चिन्ह. तेथे ते धन्याच्या वैभवाची निशाणी ठरले. पुढे त्याच पागोट्याला निराळा अर्थ लाभला. कॉफी बोर्ड आपली कॉफी हाउसे बंद करू लागले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तेथील कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून तीच हाउसे स्वतः चालवावयास घेतली. पांढरा पोशाख आणि पंख्यासारखा तुरा असलेले पागोटे त्यांनी कायम ठेवले. वस्त्र तेच, परंतु ते घालणारा आता संस्थेचा भागीदार होता!

म्हणूनच गणवेशाची आखणी करणाऱ्याने प्रथम चित्र काढू नये. प्रथम काम पाहावे. आचाऱ्याचा अंगरखा घ्या. त्याच्या पांढऱ्या रूपाचे श्रेय फ्रान्सचे प्रसिद्ध पाकशास्त्री कारेम (१७८४–१८३३) यांना दिले जाते. त्याच्या छातीवर कापडाचे दोन पदर येतात. त्यामुळे आचेपासून रक्षण होते, आणि वरच्या पदरावर डाग पडल्यास पदर पालटून स्वच्छ बाजू पुढे आणता येते. बटणे पुष्कळदा कापडाच्या गाठींची असतात. ती धुलाईत फुटत नाहीत. कापड शक्यतो सुती असावे. पॉलिएस्टर सुमारे २५० अंश सेल्सियसला वितळते आणि वितळून कातडीला चिकटते. स्वयंपाकघरात, मग ते हॉटेलातील असो वा आपल्या घरातील, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीचे काम वेगळे. ती दिवसभर वाकते, हात उंचावते, चादरी झटकते. तिच्या कुडत्याला काखेत कळी नसेल, तर पहिल्याच आठवड्यात शिवण उसवते. तिला खोल खिसे हवेत आणि पायांत न घसरणारी वहाण हवी. मुंबईच्या दमट हवेत शोभलेला नमुना शिमल्याच्या हिवाळ्यात कुचकामाचा ठरतो, हेही ध्यानी घ्यावे लागते.

आता हिशेब पाहा. प्रत्येकास किमान तीन जोड लागतात : एक अंगावर, एक धुलाईत आणि एक राखीव. दोनशे माणसांचे हॉटेल म्हटले, की सहाशे जोड झाले. प्रत्येक जोडावर क्रमांक शिवलेला असतो. मळका जोड खिडकीवर द्यावा आणि धुतलेला घ्यावा, असा शिरस्ता असतो. सर्व ताके एकाच वेळी रंगवून घेतले नाहीत, तर एकाच रांगेत उभ्या असलेल्या चौघांच्या अंगावर चार छटा दिसतात. कापड आटते किती, रंग टिकतो किती, हे कागदावर कळत नाही. याकरिता जाणता आखणीकार मोजकेच नमुने शिवून ते प्रत्यक्ष कामकऱ्यांना घालावयास देतो, पन्नासएक वेळा धुऊन पाहतो, आणि मगच मोठी मागणी नोंदवतो.

उंची वस्त्राचे मोल दुसऱ्याही एका घरी पोहोचू शकते. १९०३ साली मुंबईत सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलच्या समूहाने बनारसजवळील सराई मोहना येथील विणकरांकडून हातमागाच्या रेशमी साड्या विणवून घेतल्या आणि स्वागतकक्षातील स्त्रियांना त्या गणवेश म्हणून दिल्या. ग्राहकांची आवड नेहमीच बदलते. गणवेशाची मागणी मात्र वर्षानुवर्षे चालू राहू शकते. यंत्रमागाच्या स्पर्धेत टिकू पाहणाऱ्या विणकराला अशा निश्चित कामाचा आधार केवढा मोठा! अर्थात अशी साडी रोजच्या घासणी-धुलाईची नव्हे. ती स्वागतकक्षातच शोभते.

आपल्यापैकी कित्येकांच्या मुली-मुलगे आज या व्यवसायात शिरत आहेत. १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत हॉटेल-व्यवस्थापनाच्या शिक्षणाची संस्था निघाली, तेव्हापासून हा मार्ग सुशिक्षित घरांना खुला झाला. तेव्हा पुढील खेपेस हॉटेलात जाल, त्या वेळी दरवानाच्या फेट्याबरोबर त्याच्या चेहऱ्याकडेही पाहा. भर दुपारी जाड बनातीच्या कोटात तो घामाने भिजला असेल, तर तो पोशाख कितीही भारी असला तरी उंची म्हणता येणार नाही. घालणाऱ्याला ज्यात मोकळा श्वास घेता येतो आणि ताठ मानेने उभे राहता येते, तोच खरा मानाचा पोशाख.