घरपोच शिधा आणि उष्मांक

ठाणे-वाशी लोहमार्गावर ऐरोली व घणसोली यांच्यामध्ये रबाळे हे स्थानक लागते. त्याच्या परिसरात मोठी औद्योगिक वसाहत आहे. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या माणसाला स्वयंपाकास वेळ थोडाच उरतो. म्हणून शहरांत आता निवडलेले धान्य, चिरलेली भाजी व मसाला यांचा मोजून बांधलेला शिधा घरपोच मिळतो. तो फक्त शिजवावयाचा असतो.

अशा पाकिटावर उष्मांकांचा आकडा छापलेला आढळतो. अन्नापासून शरीरास मिळणारी ऊर्जा उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तेलातुपापासून मात्र ९ मिळतात.

मुलांनो, हा आकडा पुष्कळदा १०० ग्रॅमचा असतो, सबंध पाकिटाचा नव्हे. समजा, पाकीट ३०० ग्रॅमचे असून १०० ग्रॅममध्ये १५० उष्मांक आहेत. म्हणजे एकूण ४५० झाले. दोघांनी सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २२५ येतील. एकट्यानेच संपविले, तर सारे ४५०! वरून १५ ग्रॅम तूप घातले, की आणखी १३५ वाढले. ते मात्र पाकिटावर छापलेले नसतात.

केवळ उष्मांक मोजूनही भागत नाही. ताटाचा सुमारे अर्धा भाग भाज्या व फळे यांनी भरावा, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे. तुमचे वय वाढीचे आहे. तेव्हा हा हिशेब उपाशी राहण्यासाठी नव्हे, तर ताटात काय आले व किती आले, हे ओळखण्यासाठी करावा.