अकरावीत गणित सोडण्याआधी

दहावीचा निकाल लागला की कणकवलीतही घराघरांत एकच चर्चा सुरू होते : अकरावीला काय घ्यायचे? मुलगी हुशार असेल तर विज्ञान शाखा. पण लगेच कुणीतरी सल्ला देते, "गणित कशाला? नुसते बायोलॉजी घे, ताण कमी." अम्मी-अब्बूही मान डोलावतात. या एका निर्णयाने इंजिनिअरिंगची वाट बंद होते. जिला गणित आवडते तिचे नुकसान आणखी मोठे, कारण तिला गणित कमी नव्हे, जास्त हवे असते.

अमेरिकेत हायस्कूलची मुले जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन वरचे गणित शिकतात. आपल्याकडे अशी सरसकट सोय नाही, पण काही दारे उघडी आहेत.

पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात शालेय मुलांना ऑलिंपियाडचे गणित शिकवले जाते. ही संस्था गणितज्ज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 साली स्थापन केली. दर आठवड्याला पुणे गाठणे आपल्याला शक्य नाही, हे खरे. मात्र ऑलिंपियाडची पहिली परीक्षा, आयओक्यूएम, आठवी ते बारावीच्या मुलांसाठी असते. तीन तासांत तीस प्रश्न. पाठांतर तिथे उपयोगी पडत नाही, विचार करावा लागतो. घरबसल्या शिकायचे तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मोफत ऐकता येतात. फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. आणि जिथे ज्युनिअर व सीनिअर कॉलेज एकाच आवारात आहे, तिथे बी.एस्सी.च्या गणिताच्या सरांना किंवा मॅडमना आठवड्यातला एक तास मागायला काय हरकत आहे?

मागितल्याने काय होते, ते इराणच्या मरियम मिर्झाखानी हिच्याकडे पाहून कळते. तेहरानच्या मुलींच्या शाळेत शिकताना तिने आणि तिच्या मैत्रिणीने मुख्याध्यापिकांकडे मागणी केली : मुलांच्या शाळेत अवघड गणिते सोडवण्याचे वर्ग चालतात, तसे आम्हालाही हवेत. बाईंनी ते सुरू केले. 1994 आणि 1995 मध्ये मरियमला आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचे सुवर्णपदक मिळाले. 2014 साली गणितातला सर्वोच्च मानला जाणारा फील्ड्स पुरस्कार मिळवणारी ती पहिली महिला ठरली. हीच मरियम शाळेत एक वर्ष गणितात मागे पडली होती, हेही लक्षात ठेवावे.

गणित आपल्याला परके नाही. 'अल्जेब्रा' हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल्-ख्वारिज्मींच्या ग्रंथावरून आला, आणि त्या ग्रंथाचा मोठा भाग विरासतीच्या वाटणीच्या हिशोबाचा आहे.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी लेकीला एवढेच विचारा : "बेटा, गणित तुला जड जाते, की आम्हीच घाबरतोय?" तिला आवडत असेल तर तिच्यासारखीच एक मैत्रीण शोधून द्या आणि दोघींना घेऊन शिक्षकांकडे जा. एकटी मुलगी मागायला बिचकते. दोघी असल्या की धीर येतो.