दुसऱ्या देशाचा कर आपल्या कोर्टानं वसूल करून द्यावा का?

व्याख्यान लोणावळ्यात आहे, तर उदाहरणही इथलंच घेऊ. समजा, तुंगार्लीत एक बंगला आहे. मालक मूळचे मावळातले, पण गेली पंचवीस वर्षं इंग्लंडला. तिथला त्यांचा आयकर थकलाय आणि वसूल करण्याजोगं तिकडे काही उरलेलं नाही. इंग्लंडच्या सरकारनं पुण्याच्या जिल्हा न्यायालयात येऊन ‘बंगला विका, आमचा कर द्या’ असं म्हटलं तर?

तिथल्या बँकेनं कर्जापोटी हुकूमनामा मिळवला असता, तर रस्ता होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा इथे बजावता येतो. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कर आणि दंड वगळलेत. म्हणजे बँक चालेल, सरकार नाही!

हा विचार जुना आहे. कोणताही देश दुसऱ्याच्या महसुली कायद्याची दखल घेत नाही, असं लॉर्ड मॅन्सफिल्ड 1775 मध्ये म्हणाले, तेही चोरट्या चहाच्या एका खटल्यात, ओघाओघात. पण त्याचा खरा फटका बसला तो आपल्याला.

दिल्लीला वीज पुरवणारी एक इंग्रज कंपनी होती. 1947 मध्ये तिनं आपला धंदा भारत सरकारला विकला, पैसे इंग्लंडला नेले आणि पुढे कंपनी गुंडाळायला काढली. विक्रीच्या नफ्यावरचा कर भारतानं मागितला, तर लिक्विडेटर टेलर यांनी नकार दिला. भारत सरकार थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 1955 मध्ये हरलं. दोन्ही देश कॉमनवेल्थमधले, हा मुद्दाही चालला नाही. कर वसूल करणं म्हणजे सार्वभौम सत्ता गाजवणं, आणि ती आपल्या हद्दीबाहेर गाजवता येत नाही, असं लॉर्ड कीथ यांनी म्हटलं.

आपण हरलो, तरी मला हे तत्त्व पटतं. उद्या एखाद्या राजवटीनं विरोधकांवर सूडानं कर लादला, तर तो योग्य की अयोग्य हे पुण्याच्या न्यायाधीशांनी कसं ठरवायचं? नकार दिला तर दोन देशांत वाकडं येणार. हे काम सरकारांनी आपसात करारानं करावं.

आणि तसं झालंही. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 228अ घातलं गेलं. करार असेल, तर परदेशी सरकार दिल्लीच्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाकडे प्रमाणपत्र पाठवतं, मंडळ ते आपल्या कर वसुली अधिकाऱ्याकडे धाडू शकतं. ब्रिटनबरोबरच्या करारात अशा मदतीचं कलम 2012 च्या प्रोटोकॉलनं आलं.

म्हणजे बंगला सुरक्षित आहे असं समजू नका. कोर्टाचं दार बंद, पण शेजारची खिडकी उघडी. आणि मला खटकतं ते इथे: तो कर मुळातच चुकीचा आहे, हे आपल्या मालकांना इथे सांगता येत नाही. ते भांडण इंग्लंडमध्येच, तिथला वकील लावून.