घोरपडीतील नर-मादी भेद आणि 'हत्थाजोडी'

उमरखेड तालुक्यातील ढाणकी परिसरात शेताच्या बांधावर दिसणारा नर सरडा विणीच्या हंगामात लाल होणाऱ्या डोक्या-गळ्यावरून ओळखता येतो. घोरपडीत मात्र असा ठळक बाह्य भेद नसतो. नराची जननेंद्रिये जोडीने असून शेपटीच्या मुळाशी आत दडलेली असतात. तो भाग फुगीर भासला तरी केवळ त्यावरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.

हीच इंद्रिये वाळवून 'हत्थाजोडी' नावाने, दुर्मिळ वनस्पतीचे मूळ म्हणून, धनप्राप्तीसाठी विकली जातात, हे २०१७ मध्ये व्यापक प्रमाणावर उघडकीस आले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत असल्याने तिला पकडणे, पाळणे वा तिचे अवयव बाळगणे गुन्हा आहे. सारांश, देव्हाऱ्यातील ती 'मुळी' म्हणजे मारलेल्या नराचा अवयव होय.